शिपायाचा शिधा

लढाई संपली, तह झाला, मग फौज पोसायची कशाला? इंग्रजांशी १७८३ साली तह झाल्यावर अमेरिकेतल्या पुढाऱ्यांनी असाच विचार केला. कायमची फौज म्हणजे जुलमाचे हत्यार, ही धास्ती इंग्रजी पलटणींनीच त्यांना घातली होती. शिवाय काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नाही, तिजोरीत खडखडाट! २ जून १७८४ रोजी ठरले, कोठारे राखायला ८० माणसे पुरेत : २५ फोर्ट पिटला, ५५ वेस्ट पॉइंटला. अन् दुसऱ्याच दिवशी सरहद्दीसाठी चार राज्यांकडे ७०० माणसे मागावी लागली. तीही एका वर्षापुरती.

पण त्यांना जेवू कोण घालणार? कंत्राटदार. दर शिध्यामागे ठराविक पैसे. १७९० च्या कायद्यात माणशी रोज एक पौंड पाव किंवा पीठ, एक पौंड गोमांस, थोडी दारू. मीठ-साबणसुद्धा मोजून दिलेले. कागद अगदी चोख!

१७९१ साली कंत्राट होते विल्यम ड्यूअरकडे. सरकारी उचल त्याने सट्ट्यात वळवली. इकडे सेनापती सेंट क्लेअर ओहायोपलीकडे मूळ रहिवाशांच्या मुलखात शिरला, (ते बिचारे आपलीच भूमी राखीत होते) आणि पीठ काही वेळेवर पोचेना. साठेक माणसे पळाली. ती वाटेतला शिधाच लुटतील, या भीतीने त्याने आपली अनुभवी पलटण मागे धाडली. ४ नोव्हेंबरला पहाटे वबाश नदीकाठी मायामी-शॉनी योद्ध्यांनी छावणी घेरली. सहाशेंहून अधिक माणसे पडली.

१७९२ मध्ये काँग्रेसच्या चौकशी समितीने सेनापतीला दोषमुक्त केले. बोट ठेवले ते पुरवठ्यावर. ड्यूअर त्याच वर्षी कर्जापायी तुरुंगात गेला.