दारणेच्या पलीकडे घर घेताना

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही. आज घराबद्दल बोलायचंय.

दीड वर्षापूर्वी आम्ही नाशिकरोडचं भाड्याचं घर सोडलं आणि दारणा नदीच्या पलीकडच्या एका गावात स्वतःचं घर घेतलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी येणार आहेत आणि मला तिथेच राहायचंय. मी आठवड्यातून दोन दिवस ठाण्याला ऑफिसला जातो, बाकी दिवस घरून काम. टीममधला कोणी ना कोणी विचारतोच, "अरे, तिकडे स्वस्त मिळतं ना? आम्हीपण बघू का?" टपरीवर चहा संपेपर्यंत याचं उत्तर होत नाही, म्हणून हा भाग.

आधी जागा समजून घ्या. नाशिकरोडहून पुण्याच्या दिशेनं निघालात की चेहेडी, मग दारणेचा पूल, पुढे पळसे, शिंदे, टोलनाका, मोहदरी घाट आणि सिन्नर. अलीकडे महापालिका, पलीकडे ग्रामपंचायती. स्कूटरवर पूल ओलांडायला मिनिटभर लागतं. पण पाणी, कचरा, बांधकामाची परवानगी, मालकीचे कागद, या सगळ्यांत त्या पुलावर दुनिया बदलते. हे आम्हाला पैसे देऊन कळलं.

झालं असं. बाबांना गावठाणातलं एक जुनं घर आवडलं. मोठा ओटा, आत माजघर, मागे परसात कडुलिंब. बावीस लाख. बाबा मूळचे येवल्याकडचे, शेतकरी घरातले. ओट्यावर टेकले आणि उठेचनात. मालकानं कागद दाखवला, तो 'आठचा उतारा'. आम्ही म्हटलं, सरकारी कागद आहे, शिक्का आहे. त्याच संध्याकाळी मी 51 हजार टोकन देऊन मोकळा. रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणारा माणूस मी, आणि हा कागद नीट वाचलाही नाही.

आता 'आठ' हा शब्द नीट ऐका, कारण इथे भलेभले फसतात. तलाठ्याकडचा 'आठ अ' म्हणजे खातेउतारा, एका खातेदाराच्या नावावर गावात किती जमीन आहे त्याचा. ग्रामपंचायतीचा 'नमुना आठ' म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद. गावात दोन्हींना सरसकट 'आठचा उतारा' म्हणतात. आमच्या हातात दुसरा होता. त्यावरून घरपट्टी कोणाच्या नावानं लागते एवढंच कळतं. घर कोणाचं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि गावठाणातल्या घराला सहसा सातबारा नसतो, कारण सातबारा शेतजमिनीचा. म्हणूनच 2020 मध्ये केंद्रानं स्वामित्व योजना आणली, ड्रोननं गावठाणं मोजून घरमालकांना मिळकत पत्रिका द्यायची.

बँकेनं तेच मागितलं. मिळकत पत्रिका, आधीची खरेदीखतं, मंजूर नकाशा. मालकाकडे यातलं काहीच नव्हतं. खोदत गेलो तेव्हा समजलं की घर चार भावांचं आहे, पट्टी फक्त थोरल्याच्या नावानं येते. बाकीच्या तिघांतल्या दोघांना विक्री चालली आहे हेच माहीत नव्हतं! कर्ज नाकारलं गेलं. टोकनमधले निम्मे पैसे परत मिळायला चार महिने गेले, निम्मे गेलेच. पैशांपेक्षा घरातली शांतता जास्त लागली. बाबा एवढंच म्हणाले, "बँकेला घर कळत नाही, कागद कळतो." त्यावर मी चिडून जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. आठवडाभर आई आमच्यामध्ये निरोप्या होती.

नंतर एका एजंटनं प्लॉट दाखवले. एक गुंठा, दोन गुंठे, चुन्याच्या रेषा आखलेल्या, कमान उभी. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, तेव्हा भाव ऐकून मोह होतो. सातबारा मागितला तर त्यावर आधीच बरीच नावं, आमचं त्यात आणखी एक जाणार. म्हणजे जमिनीत वाटा मिळतो, पण कोणता तुकडा कोणाचा हे सातबारा सांगत नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याला वळसा घालायला निघालेला हा प्रकार. शिवाय शेतजमीन घ्यायची तर तुम्ही शेतकरी असायला हवं, आणि तिच्यावर घर बांधायचं तर तेव्हा एनए लागायचं. आम्ही कमानीतूनच परत फिरलो.

त्या एजंटच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, "सर, इथे सगळं येणार आहे." येणाऱ्या गोष्टींचा इतिहास बघा. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी 2,092 कोटींची घोषणा झाली. मेट्रो अजून आलेली नाही. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेसाठी सिन्नर तालुक्यात भूसंपादन सुरू झालं होतं, मग नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणींचा अडथळा आला आणि मार्ग शिर्डीकडून न्यायचं ठरलं. समृद्धी मात्र खरंच झाली, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये उघडला. म्हणजे सगळंच खोटं नसतं. पण जे आज धावतंय त्याचेच पैसे मी देईन, असं ठरवून टाकलं.

माझ्यासाठी धावते ती पंचवटी एक्सप्रेस. 1975 पासूनची गाडी, पासधारकांची. सकाळी सव्वासहाला घरून निघतो, स्कूटर नाशिकरोडला लावतो, सातच्या सुमारास गाडी. कल्याणला उतरून लोकल. परतीची पंचवटी पकडून घरी पोचायला सव्वादहा होतात. सोळा तास! आठवड्यातून दोनदा जमतं. पाच दिवस जाणारे काका माझ्या डब्यात आहेत, त्यांना माझा दंडवत. कंपनीनं उद्या 'रोज या' म्हटलं तर हे घर मला महाग पडेल, हे मान्य करूनच सही केली.

शेवटी घेतलं ते रो-हाऊस. एनए लेआउट, मंजूर नकाशा, रेराचा नंबर, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेलं, त्यामुळे जीएसटी नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला, सूची दोन स्वतः ताडून पाहिल्या. फक्त आईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का वाचतो, पण मग कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत मला मिळत नाही. एक्सेल उघडलं, गणित केलं, दोघांचं नाव लावलं.

राहायला कसं आहे? पाणी दिवसाआड, बोअरचं जड पाणी, उन्हाळ्यात टँकरची वर्गणी. घंटागाडीची वाट बघायची नाही, कचऱ्याचं तुमचं तुम्ही बघा. इन्व्हर्टरशिवाय घरून काम अशक्य. आणि ऊस उभा असला की बिबट्या. रात्री स्टेशनवरून येताना पूल ओलांडला की मी हॉर्न वाजवत येतो, आई दार उघडून उभी असते.

ते गावठाणातलं घर अजून विकलं गेलेलं नाही, कुलूप लावलेलं आहे. बाबा सकाळी फिरायला जातात आणि त्याच ओट्यावर बसून पेपर वाचतात. मालक चहा पाठवतो म्हणे.

चला, उद्या सकाळची गाडी आहे. भेटू पुढच्या भागात.