खिडकीच्या आत आणि खिडकीच्या बाहेर
(जयपूर येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांसमोर केलेले भाषण)



सामान्य माणसाच्या तक्रारींची यादी आपल्यापुढे वाचायची गरज नाही. विजेचे बिल भलतेच येते. नळाला पाणी येत नाही, पण पाणीपट्टी येते. रेशन दुकानदार "माल संपला" म्हणतो. पेन्शनच्या एका कागदासाठी म्हातारी माणसे हेलपाटे घालतात. "साहेब जागेवर नाहीत, उद्या या" हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांवर ते बोलायची पाळीही येते. आपण आठ तास खिडकीच्या आत असतो आणि ड्यूटी संपली की खिडकीबाहेरच्या रांगेत. म्हणून हा विषय फक्त ग्राहक संघटनांचा नाही, तो आपलाही आहे.

ज्या राज्यात आपण पोटासाठी आलो, त्याने या बाबतीत देशाला धडा घालून दिला. दुष्काळी कामावर राबणाऱ्या मजुरांना ठरलेली मजुरी मिळत नव्हती. मस्टर पाहू द्या म्हटले तर ते सरकारी कागद आहेत, दाखवता येत नाहीत, असे उत्तर मिळे. १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी पहिली जनसुनावणी झाली आणि कामाचे कागद गावासमोर वाचले गेले. १९९६ साली ब्यावरला ४० दिवस धरणे झाले. गावकऱ्यांनी धान्य दिले, भाजीवाल्यांनी भाजी दिली. पुढच्याच वर्षी याच जयपुरात ५३ दिवस धरणे झाले. मागणी साधी होती : आमचा पैसा, आमचा हिशेब. त्यातून २००० साली राजस्थानचा आणि २००५ साली देशाचा माहिती अधिकार कायदा आला. मस्टर मागणाऱ्या मजुराने जे मिळवले, ते आज शिकलासवरलेला माणूसही वापरतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. २०१६ च्या जूनमध्ये अजमेर-जम्मू एक्सप्रेस जम्मूला सुमारे चार तास उशिरा पोहोचली. अलवरच्या एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. त्यांना टॅक्सीने जावे लागले. त्यांनी अलवरच्या जिल्हा ग्राहक मंचाकडे दाद मागितली. मंचाने टॅक्सीचे १५ हजार, बुकिंगचे १० हजार आणि मनस्ताप व दाव्याच्या खर्चापोटी प्रत्येकी ५ हजार द्यायला सांगितले. आपली उत्तर पश्चिम रेल्वे, जिचे मुख्यालय येथेच जयपुरात आहे, ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. गाडी लेट झाल्यास रेल्वे जबाबदार नाही, असा नियम तिने पुढे केला. ६ सप्टेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अपील फेटाळले. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने पुराव्यानिशी दाखवले पाहिजे, नाहीतर भरपाई द्या, असा त्याचा अर्थ.

हा निकाल आपल्या विरुद्ध आहे, असे काही साथी म्हणतील. मला तसे वाटत नाही. न्यायालयाने कारण विचारले आहे. कारण कोणाला ठाऊक असते? स्टेशन मास्तरच्या डायरीत, गार्डच्या (आता ज्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात त्यांच्या) नोंदीत आणि कंट्रोलच्या चार्टवर ते लिहिलेले असते. जागा रिकाम्या आहेत, एक माणूस दोघांचे काम ओढतो आहे, सुटे भाग वेळेवर येत नाहीत, हे आपण वर्षानुवर्षे निवेदनात लिहितो आणि निवेदन फायलीत जाते. तेच कारण पैसे देण्याची पाळी आल्यावर विचारले जाते, तेव्हा प्रशासनाला ऐकावे लागते. प्रवाशाची तक्रार ही आपल्या मागणीला मिळालेली साक्ष आहे.

टपाल खात्यातील बंधूंची स्थिती थोडी निराळी. १८९८ च्या कायद्याने पत्र हरवले वा उशिरा गेले तर खात्याला मोठे संरक्षण होते. २०२३ चा नवा कायदा २०२४ पासून लागू झाला, त्यातही ते बव्हंशी कायम आहे. पण कायद्याने भरपाई टळली तरी लोकांचा राग टळत नाही. तो खिडकीतल्या माणसावर आणि उन्हातान्हात फिरणाऱ्या पोस्टमनवर निघतो.

दुसरी शंका दंडाची. माहिती वेळेत दिली नाही तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजारांपर्यंत दंड होतो. राजस्थानात २०११ साली आणि महाराष्ट्रात २०१५ साली राज्य सरकारच्या सेवांसाठी मुदतीचे कायदे झाले. त्यांतही दंड आहे. मुद्दाम अडवणूक करणाऱ्याला दंड व्हावा, त्याची बाजू संघटनेने घेऊ नये. पण माणूसच नेमलेला नसल्याने काम अडले, तर तो दोष खालच्या कर्मचाऱ्याच्या माथी मारू देता कामा नये.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, तोंडी तक्रार करणाऱ्याला लेखी द्यायला सांगा आणि पोच द्या. दोन, काम का अडले ते त्याच दिवशी नोंदवा आणि त्याची नक्कल शाखेकडे पाठवा. तीन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मार्ग दाखवा. माहितीच्या अर्जाला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर पुरते. केंद्र सरकारच्या खात्यांसाठीचा अर्ज नेमलेल्या टपाल कार्यालयातही घेतला जातो. ग्राहकाची तक्रार आता तो राहतो त्या जिल्ह्यातही नोंदवता येते, आणि त्यासाठी वकील लागतोच असे नाही.

लोक आपल्याला ओळखतात ते मोर्चावरून नव्हे, खिडकीवरून. उद्या आपल्या हक्कासाठी रस्त्यावर उतरावे लागले, तर रांगेतला माणूस आपल्याबरोबर येईल की "बरे झाले" म्हणेल, हे आज त्याला खिडकीवर काय उत्तर मिळते त्यावर ठरणार आहे.