चित्रदालनाची सहल व घरची भिंत



शाळेची सहल चित्रदालनात गेली म्हणजे बहुधा एकच दृश्य दिसते. मुले रांगेने आत शिरतात, गुरुजी मोजदाद करीत मागून येतात, ‘हात लावू नका’ ही सूचना दहा वेळा होते आणि तासाभरात सारी मंडळी बाहेर येऊन शिदोरी सोडतात. सहल पार पडते. चित्र मात्र कोणीच पाहिलेले नसते. दोष मुलांचा नव्हे. काय पाहावयाचे, हे त्यांस आधी कोणी सांगितलेलेच नसते.

या बाबतीत डहाणू व तलासरी येथील शिक्षक भाग्यवान होत. येथील वारली घरात लग्न निघाले की कुडाची भिंत सारवून तीवर गेरू फिरवितात आणि सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्यभागी पालघट देवी विराजमान होते. बांबूची काडी हाच कुंचला. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्यांतून सारी सृष्टी उभी राहते. दोन त्रिकोणांची टोके जुळली की माणूस होतो.

याच परिसरातील एका मुलाची हकीकत शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगावचा. बालपणी आई गेली आणि त्या दुःखाने मुलाची वाचाच बंद झाली. तो धुळीत रेघा ओढून मनातले सांगे, असे सांगतात. असे मूल वर्गात आले तर त्यास मंदबुद्धी ठरविणे किती सोपे! पुढे हेच मशे डहाणू तालुक्यातील कळंबीपाड्यावर राहिले. भास्कर कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकात त्यांची कला ओळखली. १९७५ साली त्यांची चित्रे मुंबईच्या केमोल्ड दालनात लागली, १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात गेली. २०११ साली पद्मश्री लाभली. २०१८ साली ते निवर्तले.

तेव्हा सहलीचा आरंभ आगगाडीत नव्हे, पाड्यावर व्हावा. प्रथम मुलांनी घरचा चौक पाहावा, आजीस त्याचा अर्थ विचारावा. मग दालनात प्रत्येकाने एकच चित्र निवडून त्यापुढे स्वस्थ बसावे. परतल्यावर वर्गात विचार व्हावा : चौक लग्नासाठी लिहिला जातो, चौकटीतले चित्र कशासाठी? एक काळाबरोबर पुसट होते, दुसरे जपले जाते. यात काय मिळाले, काय गेले?

हा क्रम उलटला तर धोका आहे. काचेआड असते तेच मोलाचे, अशी मुलाची समजूत होईल आणि घरची भिंत त्यास हलकी वाटू लागेल. मुंबईने वाखाणली म्हणून आजीची कला थोर झाली नाही. ती थोर होती, म्हणून मुंबईस वाखाणावी लागली. एवढे एका मुलास उमगले, तरी सहलीचे सार्थक झाले.