हिशोबाची दुसरी पायरी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या युवक व महिला मेळाव्यातील व्याख्यान)



आपल्या संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा मंगल प्रसंग आहे. अशा प्रसंगी धर्म, दान आणि सेवा या विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. संयोजकांनी मला मात्र एक व्यवहारी विषय दिला आहे. समुदाय महाविद्यालयात शिकविला जाणारा प्रात्यक्षिक लेखाकर्माचा दुसऱ्या स्तराचा अभ्यासक्रम आपल्या मुलामुलींनी का करावा, हा तो विषय. विषय रुक्ष वाटेल, परंतु तो आपल्या व्रतांपासून मुळीच दूर नाही, एवढेच मला आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

तत्त्वार्थसूत्र आपल्या सर्व परंपरांना मान्य आहे. त्याच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटा लेख तयार करणे आणि दुसऱ्याची ठेव दडपणे यांचा उल्लेख येतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत मापात कमीजास्त करणे, बनावट माल देणे आणि राज्याचे नियम मोडून व्यापार करणे हे दोष गणले आहेत. म्हणजे वही, ठेव, माप आणि कर या चारही गोष्टी आचार्यांनी व्रताच्या कक्षेत आणल्या. परिग्रह-परिमाण व्रताचेही तसेच आहे. आपल्यापाशी किती आहे हे ज्याला नेमके ठाऊक नाही, तो त्याची मर्यादा कशी ठरविणार?

नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यात व्याज, मुद्दल, भागीदारीतील वाटणी आणि सोन्याचा कस यांची गणिते आहेत. १९६३ साली त्याची हिंदी आवृत्ती आपल्याच सोलापुरातील जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केली. हिशोब ही आपल्याकडे विद्या मानली गेली होती, याचा हा पुरावा आहे. आणि विद्या रक्तातून येत नसते. ती शिकावी लागते. “हिशोब आमच्या रक्तातच आहे” हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. त्या वाक्याने आपले बरेच नुकसान केले आहे, असे मी नम्रपणे म्हणेन.

आपल्या परिसराकडे पाहा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळरानांवर कारखाने आले. पुढे हा विस्तार चाकणपर्यंत पोहोचला. २००९ साली तेथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने लेथ, प्रेस, प्लेटिंग आणि पॅकिंगची असंख्य लहान युनिटे जगतात. त्यांपैकी काही आपल्या समाजबांधवांची आहेत, आणि कित्येकांना धातू, हार्डवेअर, किराणा पुरविणारी दुकाने आपली आहेत. वडिलांच्या काळी रोजकीर्द, खतावणी आणि दिवाळीचे वहीपूजन एवढ्यावर व्यवहार चालत असे. आज तो चालत नाही.

येथे समुदाय महाविद्यालय म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे अशा महाविद्यालयाचा आरंभ झाला. स्थानिक लोकांना, स्थानिक कामाला उपयोगी पडेल असे शिक्षण अल्प खर्चात द्यावे, ही त्यामागील कल्पना. आपल्या देशात १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाने हा प्रयोग केला, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजना आखली. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला आणि कौशल्य शिक्षणाला स्तर मिळाले. महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. कुंभोज येथील जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा मार्ग घालून दिला. काम करता करता शिकणे ही त्यांनी दिलेलीच शिकवण आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. दुसरा स्तर कशासाठी? पहिल्या स्तरावर विद्यार्थी नोंद करावयास शिकतो. जमा-नावे, रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि संगणकावर टॅलीची ओळख एवढा त्याचा आवाका असतो. दुसऱ्या स्तरावर तो जुळवणी करावयास शिकतो. बँकेचे पासबुक, ग्राहकाचा खातेउतारा, मालाचा साठा आणि कराची विवरणपत्रे यांच्याशी आपली वही मेळ खाते की नाही, आणि खात नसेल तर फरक कोठे आहे, हे शोधण्याचे ते शिक्षण आहे.

एक उदाहरण घेऊ. भोसरीतील एका भागीदारी संस्थेने मोठ्या कंपनीसाठी जॉबवर्क केले. बिल १,००,००० रुपयांचे. वस्तू व सेवा कर १८ टक्के धरला तर एकूण १,१८,००० रुपये. कंपनीने २ टक्के, म्हणजे २,००० रुपये, टीडीएस कापला. काही नग नापास झाले म्हणून ५,००० रुपये आणि त्यावरील ९०० रुपये कर अशी ५,९०० रुपयांची डेबिट नोट पाठविली. बँकेत जमा झाले १,१०,१०० रुपये. पहिल्या स्तरावर थांबलेला कारकून बँकेतील रक्कम जमा करतो आणि उरलेले ७,९०० रुपये ‘कपात’ म्हणून एका खात्यात टाकून मोकळा होतो. दुसरा स्तर शिकलेली व्यक्ती त्या ७,९०० रुपयांचे तीन भाग करते. २,००० रुपये हा आपलाच आगाऊ भरला गेलेला प्राप्तिकर आहे. तो आपल्या नावावर दिसतो का, हे ती तपासते. ५,००० रुपये उत्पन्नातील घट आहे. नग का नापास झाले, हे ती कारखान्यात जाऊन विचारते. उरलेले ९०० रुपये हा कर आहे, आणि तो कमी करून घ्यावयाचा तर आपण स्वतः क्रेडिट नोट काढून ती विवरणपत्रात दाखविली पाहिजे. तसे न केल्यास जे पैसे मिळालेच नाहीत त्यांवर आपण कर भरतो. ९०० रुपये लहान वाटतात. पण वर्षाकाठी अशा शेकडो नोंदी होतात, आणि लहान युनिटचा नफा येथेच झिरपून जातो.

अशी आणखी काही स्थळे आहेत. जॉबवर्कसाठी पाठविलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर कायदा तो विकला गेला असे मानतो. म्हणून प्रत्येक चलनाचा हिशोब ठेवावा लागतो. पुरवठादाराने आपले बिल विवरणपत्रात दाखविले नाही, तर आपल्याला त्यावरील कराची वजावट मिळत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागते. ही मुदत चुकविणाऱ्या खरेदीदाराला आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत, तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळत नाही. हा हक्क आपल्या लहान उद्योजकांना मिळावयाचा असेल, तर नोंदणी झालेली असावी आणि कोणते बिल किती दिवस थकले आहे हे सांगणारी यादी हाताशी असावी. त्याचबरोबर आपणही कोणाचे तरी खरेदीदार आहोत, हे विसरू नये. दुसऱ्याचे पैसे मुदतीत देणे हाही अचौर्याचाच भाग नव्हे काय?

काही जण म्हणतील, “सी.ए. आहेत, सॉफ्टवेअर आहे, मग हे सर्व कशाला?” सनदी लेखापाल वर्षअखेरीस पुस्तके पाहतात, रोज दुकानात येऊन बसत नाहीत. सॉफ्टवेअर चुकीची नोंदही तितक्याच सुबकपणे छापून देते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले आहे. मागील तारखेचा लेख गुपचूप बदलण्याची वाट आता तंत्रानेही अडविली आहे. आपल्या आचार्यांनी ती व्रताने केव्हाच अडविली होती.

हा प्रश्न केवळ दुकाने आणि कारखाने यांचा नाही. तो आपल्या संस्थेचाही आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये प्रत्येक संस्थेने नियमित हिशोब ठेवून ते तपासून घ्यावे लागतात. आपल्याकडे तर त्याहून कडक नियम परंपरेने आहेत. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण, जीवदया, साधर्मिक यांची खाती वेगळी. एकाची रक्कम दुसऱ्यात जाता कामा नये. संप्रदायानुसार नावे बदलतील, तत्त्व बदलत नाही. परंतु बँकेत रक्कम एकत्र असते. बोललेला चढावा आणि प्रत्यक्ष जमा झालेला चढावा यांत अंतर असते. त्या एकत्र रकमेतून प्रत्येक खात्याची शिल्लक कोणत्याही दिवशी दाखविता येणे, हेच दुसऱ्या स्तराचे कौशल्य आहे. ते आज बहुधा एकदोन वयोवृद्ध कार्यकर्त्यांच्या स्मरणावर चालते. ते थकले की संस्थेचा हिशोब कोणाच्या हाती जाणार, याचा विचार आजच झाला पाहिजे.

म्हणून मला काही सूचना कराव्याशा वाटतात. ज्यांनी पहिला स्तर पूर्ण केला आहे, त्यांनी तेथे थांबू नये. प्रवेश घेताना एवढे पाहावे की, तेथे नुसती व्याख्याने आहेत, की खऱ्या नमुन्याची बिले, चलने, बँकउतारे देऊन महिन्याचा हिशोब पूर्ण करून घेतला जातो. पाळीत काम करणाऱ्या युवकांसाठी सायंकाळचे किंवा रविवारचे वर्ग शोधावेत. घरी बसून दुकानाची वही लिहिणाऱ्या आपल्या सुना-लेकींना अग्रक्रम द्यावा; त्या आज विनाप्रमाणपत्र, विनावेतन हे काम करीतच आहेत. शिक्षणाने त्यांना त्या कामाचा अधिकार आणि मोबदला दोन्ही मिळतील. आणि संस्थेने दरवर्षी काही विद्यार्थ्यांचे शुल्क भरावे. त्या बदल्यात त्यांनी वर्षभर, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली, संस्थेच्या खात्यांची मासिक जुळवणी करून द्यावी. हे दानही होईल आणि पुढची पिढीही तयार होईल.

प्रतिक्रमण करताना आपण दिवसभराचे आचरण स्वतःपुढे ठेवतो, दोष शोधतो आणि ते पुन्हा न करण्याचा संकल्प करतो. महिन्याच्या अखेरीस वहीची जुळवणी करणाऱ्याची वृत्ती याहून वेगळी नसते. सचोटीची इच्छा आपल्या समाजात आहे, याबद्दल मला शंका नाही. त्या इच्छेला कौशल्याची जोड द्यावी, आणि सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तिचा आरंभ आपल्या संस्थेने करावा, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो. बोलण्यात काही अधिकउणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.