लढाईतली जीप आणि चेसिसवरची पाटी

आज पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे. बोललेलं जवळजवळ तसंच खाली उतरवलंय, तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

पनवेलला आमच्या जुन्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक विलीज जीप उभी आहे. आजोबांनी सेकंडहँड घेतलेली. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो, 'ही लढाईतली, बर्मा फ्रंटवर गेलेली.' यंदा घर पुनर्विकासाला जायचं ठरलं. शेड पडणार, नव्या बिल्डिंगमध्ये जीपला जागा नाही. बाबांनी जड मनाने ती विकायला काढली. एक एजंट आला, बघून म्हणाला, "महायुद्धातली आहे हे कागदावर दाखवा, भाव दुप्पट." घरातला इंजिनिअर मी, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आता मी बीटेक कॉम्प्युटरचा, मला जीपमधलं काय कळणार? पण शोधाशोध करायची सवय होती.

मला वाटलं, एका रात्रीत होईल. कारण अमेरिकन गाड्यांचे शौकीन हेच करतात. 1967 नंतरची फोर्ड असेल तर नंबर द्या, मार्टी रिपोर्ट मागवा. गाडी कधी बनली, रंग कोणता, कुठल्या डीलरकडे गेली, सगळं येतं. पाँटिअॅकची जुनी फॅक्टरी इन्व्हॉइस मिळतात. कॅनडात बनलेल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांची कागदपत्रंही मिळतात. काहींना तर सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला कारखान्यातला कागद सापडतो. मग आपल्या जीपचं काय अवघड?

अवघड होतं, कारण आपल्याकडे यातल्या कितीतरी गाड्या 'गाडी' म्हणून आल्याच नाहीत. पेट्यांमधून सुटे भाग आले आणि जोडणी मुंबईत झाली. जनरल मोटर्स 1928 पासून शिवडीला जोडणी करत होती. वालचंद हिराचंदांची प्रीमिअर कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडायची. स्वातंत्र्याच्या सुमाराला महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. म्हणजे अमेरिकेतला कागद फार तर पेटीपर्यंत पोचतो. पेटी बंदरात उघडली की माग तुटतो. पुढचा इतिहास इथल्या कागदांत शोधायचा.

कागद नाही म्हटल्यावर मी गाडीकडेच वळलो. टॉर्च घेऊन दोन रविवार शेडमध्ये काढले. लढाईतल्या जीपच्या ग्रिलला नऊ फटी असतात, आमच्या ग्रिलला सात. तिला मागे उघडणारं फळकं नसतं, आमच्या जीपला आहे. तिच्यात पेट्रोल भरायला ड्रायव्हरची सीट उचलावी लागते, आमच्यात बाहेरून भरतात. तिची पुढची काच दोन तुकड्यांची, आमची एकसंध. आपल्याकडे एकाची बॉडी दुसऱ्याच्या चेसिसवर चढवलेल्या जीपा पुष्कळ, म्हणून चेसिसही तपासली. युद्धकाळातल्या विलीजला पुढे, रेडिएटरखाली, गोल नळीचा आडवा दांडा असतो. फोर्डने बनवलेल्या जीपला तिथे उलट्या यू आकाराची पट्टी. आमच्या जीपला दोन्ही नाही. शेवटी बोनेट उघडून पाटी घासली. नंबर ट्रंकेतल्या जुन्या आरसी बुकाशी जुळला, आणि छापील याद्यांत बघितला तर तो सीजे-3ए या मॉडेलचा निघाला.

हे मॉडेल 1949 ते 1953 मधलं. लढाई संपली 1945 ला. म्हणजे ती गोष्ट खोटी होती.

एजंटला सांगितलं. तो हसला. "त्यात काय! डाव्या चेसिसला आतून बारकी पाटी रिव्हेट केलेली असते ना, तशी नवी बनवून मिळते. ग्रिल बदलू. कोण बघतंय?"

मंडळी, खरं सांगतो, मी दोन दिवस विचार केला. पैशांची गरज होती. पण ऑफिसात आम्ही एक नियम पाळतो: लॉग बदलायचा नाही. सिस्टिम पडली तर पडली, पण काय घडलं त्याची नोंद खोटी केली की पुढचा माणूस आयुष्यभर चुकीच्या जागी शोधत बसतो. गाडीचा नंबर म्हणजे तिचा लॉगच. आणि तो बदलणं गुन्हा आहे, ते वेगळंच.

एजंटला नाही म्हणालो. त्याहून अवघड होतं बाबांना सांगणं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अण्णा स्वतः कधी लढाई म्हणाले नाहीत रे. ते 'मिल्ट्रीवाली' म्हणायचे. लढाई आम्ही पोरांनी जोडली." घरातच जोडणी झालेली!

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर तीन गोष्टी करा. पाटीवरचा आणि इंजिनवरचा नंबर यांचे फोटो काढा आणि आरसीशी ताडून बघा. टॅक्सच्या पावत्या, विम्याचे कागद, जुनी बिलं रद्दीत देऊ नका; आपल्या गाडीचा इतिहास तिथेच आहे. आणि 2021 चा विंटेज नियम वाचा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी त्यात बसते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुनं आरसी लागतं, बाहेरून आणलेलीला कस्टमची बिल ऑफ एंट्री. नवी नोंदणी झाली तर नंबरात व्हीए येतं. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. म्हणजे एजंटने सुचवलेलं ग्रिल लावलं असतं, तर भाव मिळाला असता की नाही माहीत नाही, पण ही वाट बंद होण्याचा धोका होता.

जीप अजून विकलेली नाही. सध्या नेऱ्याला मामाच्या वाडीत ताडपत्रीखाली आहे. जाहिरातीत मी लिहिलंय: 'सीजे-3ए, लढाईनंतरची, कागद जुळतात.' दोन फोन आले, दोघांनी भाव पाडून मागितला. बाबा म्हणाले, थांबू.

तेव्हा थांबलोय. भेटू पुढच्या भागात.