टाकीतला मासा नदीत सोडताना



घर बदलायचं असतं किंवा मुलांची हौस फिटलेली असते. फिशटँक काढून टाकायचा, पण मासे मारवत नाहीत. मग बादली घेऊन आपण जवळचं तळं किंवा नदी गाठतो आणि जीव वाचवल्याच्या समाधानात परततो. या समाधानामागची माया खरी आहे. तरीही मासे असे सोडू नका, हे सांगायलाच आज आलो आहे.

दुकानात ‘सकर’ नावाने मिळणारा काळपट, ठिपकेदार मासा तुम्ही पाहिला असेल. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून तो ठेवतात. आणतो तेव्हा बोटाएवढा, वाढतो दीड फुटापर्यंत. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. अंगावर हाडांचं चिलखत, परांना टणक काटे. सोडवता सोडवता जाळं फाटतं, हात रक्ताळतात आणि एवढं करून बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. काठाच्या मातीत बीळ करून नर अंडी राखतो. अशा बिळांनी काठ पोखरले जातात. पाण्यातला प्राणवायू घटला की तो वर येऊन हवा गिळतो, पोटातूनच श्वास घेतो. सांडपाण्याने आपले स्थानिक मासे जिथे गुदमरतात, तिथे हा तग धरतो. आधीच आजारी असलेल्या नदीवर हा दुसरा घाव आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडत नाही. मेक्सिकोतल्या इन्फिएर्नियो जलाशयात चिलापी माशांवर पोट भरणाऱ्या मच्छीमारांची जाळी अखेर याच माशाने भरू लागली.

नदी-तळ्यांत परके मासे आपल्या बादलीतून येतात, तर समुद्रात परके जीव येतात ते बरेचदा जहाजांच्या तोल राखणाऱ्या टाक्यांतल्या पाण्यातून. एका बंदरात भरलेलं पाणी दुसऱ्या बंदरात सोडलं जातं. त्यावर 2004 साली आंतरराष्ट्रीय करार झाला, 2017 मध्ये तो अमलात आला. आपल्या बादलीवर मात्र पहारा ठेवणारं कुणी नाही.

तेव्हा नको झालेले मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. टँकमधलं पाणी ओढ्यात न ओतता कुंडीतल्या झाडांना घाला. पाणवनस्पती कडकडीत वाळवून मगच टाका. आणि मच्छीमार बांधवांनो, जाळ्यात आलेला सकर पुन्हा पाण्यात फेकू नका. काठावरही तो तासन्‌तास जिवंत राहतो, म्हणून पाण्यापासून दूर खड्डा करून पुरून टाका.