संगणकातील दप्तर आणि त्याच्या किल्ल्या

(अहिल्यानगर जिल्ह्यातील ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यालयीन शिस्तीविषयी या जिल्ह्यात बोलावयाचे म्हणजे लखिना पद्धतीचे स्मरण होणारच. जिल्ह्याचे नाव अहमदनगर असताना, 1980 च्या दशकात, तत्कालीन जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखिना यांनी येथील कार्यालयाची रचना, कामाचे वाटप व अभिलेखांची मांडणी नव्याने बसविली आणि पुढे राज्यातील अन्य कार्यालयांनी तिचे अनुकरण केले. कागद कोठे ठेवावयाचा, किती काळ जपावयाचा व कोणी हाताळावयाचा हे ठरलेले असेल तरच दप्तर वेळेवर हाती लागते. आता दप्तराचा मोठा भाग संगणकात गेला आहे आणि तेथेही नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

संगणकात एखादी प्रणाली रीतसर बसविलेली असते. ती उघडू गेले की पडद्यावर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' अशी सूचना झळकते; किंवा ती उघडते, पण नोंद जतन करताना अडते. मग प्रणाली बिघडली असे समजून ती काढून पुन्हा बसविली जाते आणि अडचण जागच्या जागी राहते. पुष्कळदा दोष प्रणालीत नसतोच. ज्या फोल्डरात तिला लिहावयाचे असते, तेथे लिहिण्याची परवानगी त्या वापरकर्त्यास नसते.

याचे मूळ जुन्या सवयीत आहे. विंडोज एक्सपीच्या काळात बहुतेक सर्वजण 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी म्हणून, काम करीत. त्यामुळे अनेक प्रणाली आपली माहितीही 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरातच लिहू लागल्या. 2007 साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून हा फोल्डर सामान्य वापरकर्त्यास केवळ वाचण्यापुरता खुला राहिला. जुन्या प्रणाली एकदम बंद पडू नयेत म्हणून एक सोयही करण्यात आली. अशा काही प्रणालींनी लिहिलेली माहिती मूळ जागी न जाता, गाजावाजा न होता, त्या वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरातील 'व्हर्च्युअलस्टोअर' या कप्प्यात जाते.

ही सोय आपल्याला फार महाग पडू शकते. समजा, एका ग्रामपंचायतीत नमुना 8 ची, म्हणजे कर आकारणीची, माहिती अशा जुन्या प्रणालीत भरली जाते. एक कर्मचारी आपल्या नावाने संगणक उघडून वर्षभर नोंदी करतो. पुढे त्याच्या जागी आलेला दुसरा कर्मचारी स्वतःच्या नावाने संगणक उघडतो, तो वर्षभराच्या नोंदी गायब! ग्रामस्थ दाखल्यासाठी दारात उभा असतो आणि त्याला 'नोंद सापडत नाही' असे सांगितले जाते. वास्तविक नोंद नष्ट झालेली नसते. ती पहिल्या कर्मचाऱ्याच्या कप्प्यात पडून असते. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हा पर्याय निवडून प्रणाली उघडली तरी हीच तऱ्हा होते, कारण त्या वेळी ती मूळ फोल्डर वाचते. अशा प्रसंगी नव्याने नोंदी भरावयास बसू नये आणि जुन्या वापरकर्त्याचे खाते तर मुळीच काढून टाकू नये. प्रथम 'यूजर्स', मग त्या व्यक्तीचे नाव, 'अ‍ॅपडेटा', 'लोकल' आणि 'व्हर्च्युअलस्टोअर' या क्रमाने शोध घ्यावा. 'अ‍ॅपडेटा' हा फोल्डर एरवी लपविलेला असतो. लपलेले फोल्डर दाखविण्याचा पर्याय आधी निवडावा लागतो.

अडचण आली की संपूर्ण सी ड्राइव्हवर 'एव्हरीवन' या नावाने 'फुल कंट्रोल' देऊन मोकळे होणारे तंत्रज्ञ आढळतात. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे. अभिलेखकक्षाची किल्ली चव्हाट्यावर टांगणे होय. खंडणी मागणारे रॅन्समवेअर संगणकात शिरले, तर ज्या ज्या ठिकाणी वापरकर्त्यास लिहिता येते, तेथील माहिती ते कुलूपबंद करू शकते.

योग्य मार्ग आटोपशीर आहे. आधी सर्व माहितीची प्रत वेगळ्या ठिकाणी घ्यावी आणि 'व्हर्च्युअलस्टोअर'मधील फाइलीही तेथून बाहेर काढून सुरक्षित ठेवाव्यात. त्या तशाच राहिल्या तर प्रणाली त्यांनाच आधी वाचत राहते. प्रणालीत माहितीची जागा बदलण्याची सोय असल्यास 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या बाहेर स्वतंत्र फोल्डर करावा. तशी सोय नसेल, तर सर्वाधिकारी खात्यातून केवळ माहितीच्या फोल्डरावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी' व 'एडिट' येथे जावे आणि काम करणाऱ्या वापरकर्त्यांना 'मॉडिफाय' एवढीच परवानगी द्यावी. 'फुल कंट्रोल'ची गरज नसते, कारण त्यात परवानग्या बदलण्याचा अधिकारही येतो. 'डिनाय' या रकान्यात खूण करताना सावध असावे. एकाच फोल्डरावर दिलेली मनाई तेथील मुभेवर मात करते. त्यानंतर वेगळ्या ठेवलेल्या फाइली पडताळून, अलीकडच्या नोंदी असलेली प्रत माहितीच्या फोल्डरात ठेवावी.

विंडोज नव्याने बसविल्यावर जुना फोल्डर उघडत नाही, तेव्हा मालकाच्या नावाऐवजी इंग्रजी एस अक्षराने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसतो. प्रभार देणारा निघून गेला आणि प्रभार यादीवर सही झालीच नाही, तशी ही अवस्था. 'सिक्युरिटी'मधील 'अ‍ॅडव्हान्स्ड' येथे जाऊन 'ओनर' बदलला की फोल्डर नव्या मालकाच्या ताब्यात येतो. फाइल हलविण्याबाबतही एक बारकावा आहे. एकाच ड्राइव्हमध्ये हलविलेली फाइल बहुधा जुन्या परवानग्या सोबत नेते. तिची नक्कल केली तर नक्कल नव्या फोल्डराच्या परवानग्या घेते. म्हणून अडलेली फाइल हलविण्याऐवजी तिची नक्कल करून पाहावी.

परवानग्या ठीक असूनही 'डॉक्युमेंट्स'मध्ये लिहिता येत नसेल, तर 'विंडोज सिक्युरिटी'तील 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' तपासावे. 2017 पासून विंडोज 10 मध्ये आलेले हे संरक्षण सरसकट बंद करू नये. आपली विश्वासाची प्रणाली तेवढी त्याच्या यादीत घालावी. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. त्यामुळे अनेक कार्यालयांत संगणक बदलले जातील आणि माहिती एका संगणकातून दुसऱ्यात जाईल. ज्यांच्याकडे ते काम आहे त्यांनी जुना संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक वापरकर्त्याचा कप्पा उघडून पाहावा, आणि कोणत्या फोल्डरावर कोणास कोणती परवानगी होती, हे तारखेसह नोंदवहीत लिहून प्रभार यादीला जोडावे.